वन्समोअर कुणाकडे मागायचा?

कॉन्ट्रा या व्हिडिओ गेमच्या तिसऱ्या स्टेजला धबधबा आहे. पहिल्या स्टेजला पडदा डावीकडून उजवीकडे सरकतो, इथे तो खालून वर सरकतो. दोघं मिळून खेळत असलात आणि एक जण भराभर उड्या मारत वर गेला, की खाली राहिलेला पडद्याबाहेर पडतो आणि मरतो. गोळी लागत नाही की बॉम्ब फुटत नाही. मागे राहिलात, संपलात. आमच्या घरी पहिला रिमोट दादाचा आणि दुसरा माझा, हे जन्माच्या क्रमानंच ठरलेलं होतं, आणि दादाला दम म्हणून धरवत नसे. त्यामुळे १९९६-९७ च्या सुमारास सांगलीत मी जितक्यांदा मेले, त्यातली निम्मी मरणं त्या धबधब्यातली.

गेमची कॅसेट पिवळ्या रंगाची होती. वर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं. आत खरे गेम असतील पंधरा-वीस. पुढे तेच गेम वेगळ्या नावानं, वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे. चालेनाशी झाली की काढायची, फुंकर मारायची, परत दाबायची. स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "अरे, तोच तोच खेळ किती वेळा खेळाल? पिक्चर ट्यूब जाईल त्या टीव्हीची!" पिक्चर ट्यूब शेवटपर्यंत गेली नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायचं राहूनच गेलं.

ते आज द्यायला बसले, कारण मधल्या काळात तो प्रश्न उलटा झालाय. तेव्हा आई विचारायची की पुन्हा का खेळता. आता गेम विकणारी कंपनीच सांगते की पुन्हा खेळता येणार नाही. पैसे मोजून घेतलेला गेम एके दिवशी बंद पडतो, कपाटातली डिस्क नुसती चकचकीत थाळी होते. याविरुद्ध युरोपात दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या आहेत. त्या सह्या करणाऱ्यांच्या बाजूनं मी आहे. विकलेला गेम पुन्हा खेळता येण्याजोगा ठेवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी कायद्यानं ठरवायला हवी, आणि ती इथे भारतातही ठरवायला हवी. पण आधी आईच्या प्रश्नाचं बघू.

गोष्ट माहीत असूनही माणूस तिच्याकडे परत जातो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. सौभद्र १८८२ सालचं. अर्जुनाला सुभद्रा मिळते हे नाटकाला येणाऱ्या प्रत्येकाला घरून निघतानाच ठाऊक असायचं. तरी लोक यायचे, आणि पद रंगलं की 'वन्समोअर' देऊन ते पुन्हा म्हणायला लावायचे. आई स्वतः दर वर्षी दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचं सप्ताह पारायण करायची. मागच्या वर्षीची कथा विसरली म्हणून ती परत वाचायला बसते, असं कुणी म्हटलं नसतं. हे मी तेव्हा तिला ऐकवलं असतं तर काय झालं असतं, ते जाऊ द्या.

पुन्हा खेळणं म्हणजे नेमकं काय, हे मला सगळ्यात नीट शिकवलं ते प्रिन्स ऑफ पर्शियानं. जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणानं हा गेम जवळपास एकट्यानं, अ‍ॅपल टू या संगणकासाठी लिहिला; तो १९८९ मध्ये आला. राजपुत्राचं पळणं, लोंबकळणं, धडपडून तोल सावरणं इतकं खरं वाटतं, कारण ते खरंच आहे. मेक्नरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चौकट गिरवून काढली. (धाकट्या भावंडांनी पळायचं आणि मोठ्यांनी नाव कमवायचं, हे जगभर सारखंच दिसतं.)

आमच्याकडे तो आला कॉम्प्युटर क्लासमध्ये. बाहेर चपला काढायच्या, आत एसीची गार हवा आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं मिळतात. खरी साठ मिनिटं, घड्याळातली. मेलात तर ती पातळी पुन्हा सुरू होते, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. पहिल्यांदा खेळणारा तिसऱ्या पातळीवर सांगाड्याशी झुंजण्यातच अर्धा तास घालवतो. एवढ्या वेळात बारा पातळ्या होणं शक्यच नसतं. म्हणजे पहिला खेळ हरण्यासाठीच असतो. दुसऱ्या खेळी पहिली पातळी तीन मिनिटांत होते, दहाव्या खेळी दीड मिनिटात. कुठली फरशी निखळते आणि कुठल्या बोळात जमिनीतून सुळे वर येतात, हे पायांना पाठ झालेलं असतं. आधी पाठांतर, मग अर्थ. पाढे आणि मनाचे श्लोक शिकलेल्या पोरांना हे नवं नव्हतं.

चौथ्या पातळीवर अचानक वाटेत आरसा येतो. धावत येऊन त्यातून उडी मारावी लागते. उडी मारली की आपली शक्ती पार तळाला जाते, आणि आरशाच्या दुसऱ्या अंगानं आपल्यासारखाच एक जण निघून जातो, सावली. पुढच्या पातळीवर आपण पोचायच्या आत ती सावली आपल्या वाट्याची बाटली पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या पातळीवर आपल्या तोंडावर दार लावून आपल्याला खाली पाडते. शेवटी बाराव्या पातळीवर ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिला एक वार केला की आपल्याही शक्तीचं एक टिंब जातं. तिला मारलं की आपण मरतो. आमच्या क्लासमध्ये यावर कित्येक आठवडे चर्चासत्र चाललं. शेवटी मिरजेहून येणाऱ्या एका मुलानं सांगितलं, "तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगात चालत जायचं." सावली आणि राजपुत्र एक होतात आणि पुढची वाट खुली होते.

ही सावली मुळात जागेच्या टंचाईतून आली. अ‍ॅपल टूच्या स्मृतीत नवा शत्रू काढायला जागाच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राच्याच चित्रांची उलटापालट करून दुसरा माणूस उभा केला गेला. आणि खेळाची सगळ्यात चांगली कल्पना तीच ठरली. हे कळल्यावर मी तो आरसा पुन्हा ओलांडला तेव्हा तो पहिल्यासारखा राहिला नव्हता. पहिल्यांदा खेळताना आपण गोष्टीत असतो. विसाव्यांदा खेळताना ती गोष्ट कशी बांधलीय ते दिसू लागतं. हे एका खेळीत होत नाही. आई, हे तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर.

उरलेलं निम्मं असं, की पुन्हा खेळणाऱ्यांना कधी कधी बनवणाऱ्यांनाही माहीत नसलेलं सापडतं. १९८५ चा सुपर मारिओ घ्या. लोक तो कमीत कमी वेळात संपवायच्या शर्यती लावतात. पातळी संपल्यावर पुढे न्यायचं की नाही, हे तो गेम पडद्यावरच्या दर २१ चित्रचौकटींनीच तपासतो, म्हणजे सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यानं. एसटी स्टँडसारखंच: गाडी ठरल्या वेळीच सुटणार, तुम्ही दोन मिनिटं आधी पोचलात तरी फलाटावरच बसायचं. मग एकेक गाडी आधीची पकडण्यासाठी लोकांनी वर्षंच्या वर्षं घालवली, आणि २०२१ मध्ये पहिल्यांदा पूर्ण खेळ ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपला. १९८९ चा निन्टेंडोवरचा टेट्रिस तर कुणी माणूस संपवू शकेल असं वाटतच नव्हतं. २९ व्या पातळीनंतर ठोकळे हातांना झेपतच नाहीत, अशी पक्की समजूत होती. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलानं १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारून तो गेमच गोठवला. मुलाच्या जन्माच्या वीस वर्षं आधीचा गेम. तो तोवर चालू राहिला होता, म्हणून हे घडलं.

इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत: 'पुन्हा' आणि 'रोज'. पालकांचा, आणि हल्ली मंत्र्यांचाही, राग असतो तो रोज खेळण्यावर, आणि तो काही अगदीच चुकीचा नाही. आजचे बरेच गेम हजेरीपटासारखे बांधलेले असतात. आज आलात तर नाणी मिळतील, सलग सात दिवस आलात तर पेटी, एक दिवस चुकलात की परत शून्यावर. फार्मव्हिल आठवतं का? २००९ मध्ये फेसबुकवर आलं आणि ज्यांनी आयुष्यात कुदळ हातात धरली नव्हती असे लोक बँकेच्या काउंटरमागे बसून शेती करू लागले. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची, महाबळेश्वरकरांना हेवा वाटावा अशी. पण वेळेत काढली नाही तर सुकून जायची. माझ्या ओळखीच्या एक मॅडम रात्री दोनचा गजर लावून उठायच्या. त्या खेळात कुशल होत नव्हत्या, नुसत्या बांधल्या गेल्या होत्या. आणि ३१ डिसेंबर २०२० ला, फ्लॅश हे तंत्र बंद झालं त्याच दिवशी, ते शेत कायमचं गेलं. आता कुणाला वाटलं की एकदा बघू या काय वेड होतं ते, तर बघायची सोय नाही.

म्हणजे जो खेळ तुम्हाला रोज बोलावतो, तोच पुन्हा खेळू देत नाही. असा गेम दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो, मागचा हंगाम पुसला जातो, आणि गिऱ्हाईक कमी झालं की शटर खाली. पुन्हा खेळायला गेम स्थिर लागतो आणि आपल्या हातात लागतो. धंद्याला मात्र तो सतत हलता आणि कंपनीच्या हातात असलेला परवडतो. व्यसनाची काळजी करणाऱ्यांनी खरं तर पारायणवाल्यांच्या बाजूनं यायला हवं.

आता मूळ भांडण. द क्रू हा युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा शर्यतीचा गेम २०१४ च्या डिसेंबरात आला. सगळी अमेरिका छोटी करून नकाशात बसवलेली; न्यूयॉर्कहून निघायचं आणि वाळवंटं, डोंगर ओलांडत पश्चिम किनाऱ्याला पोचायचं. एकट्यानं खेळलात तरी कंपनीच्या सर्व्हरला, म्हणजे तिच्याकडच्या संगणकांना, इंटरनेटवरून जोडलेलं असणं सक्तीचं होतं. २०२३ च्या डिसेंबरात विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले, आणि त्यासोबत गेमही. डिस्क विकत घेतलेल्यांचाही. रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबवाल्यानं यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांनी दहा लाख सह्या गोळा केल्या तर युरोपियन कमिशनला त्या मागणीची दखल घ्यावीच लागते, अशी तरतूद आहे. २०२५ च्या जुलैमध्ये तो आकडा ओलांडला गेला.

मोहिमेची मागणी लोक समजतात त्याहून पुष्कळ साधी आहे. कंपनीनं सर्व्हर अनंतकाळ चालवावेत असं कुणीच म्हणत नाही. बंद करताना गेम चालू राहील अशी काहीतरी सोय मागे ठेवा, एवढंच. एकट्याच्या खेळातली ऑनलाइनची सक्ती काढा, किंवा लोकांना आपला सर्व्हर चालवता येईल असं करून द्या.

कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं आहे की हे नेहमी जमणारं नाही. लोकांनी चालवलेल्या सर्व्हरवर बेकायदा मजकूर आला तर जबाबदार कोण? गेम मुळापासून ऑनलाइनच बांधला असेल तर तो सोडवून देणं महाग पडेल, मग असे गेम बनणारच नाहीत. यातला थोडा भाग मला पटतो. हजारो लोक एकाच जगात वावरतात असा गेम पेटीत घालून घरी देता येत नाही, आणि जे आधीच बांधून झालंय त्याला मागच्या तारखेनं नियम लावणं अन्यायाचंच होईल. म्हणून नियम पुढच्या गेमना लावा. घर बांधतानाच जिन्याची जागा सोडली तर नंतर भिंत फोडावी लागत नाही. आणि 'जमत नाही' यावर माझा विश्वास कमी होण्याला कारण खुद्द युबिसॉफ्टच आहे. इतका आरडाओरडा झाल्यावर २०२४ च्या सप्टेंबरात त्यांनी द क्रूच्या पुढच्या दोन भागांना ऑफलाइन मोड देऊ असं जाहीर केलं. सहा महिन्यांपूर्वी जे अशक्य होतं ते तोपर्यंत शक्य कसं झालं?

गाण्यांचे, गाड्यांच्या नावांचे परवाने संपतात, हेही कारण दिलं जातं. परवाना संपला तर नवी प्रत विकू नका. पण आधी विकलेल्या प्रतीत हात घालायचा हक्क कुठून आला? जीटीए फोर या गेमच्या रेडिओवरची बरीच गाणी २०१८ मध्ये, परवान्याची दहा वर्षं भरली म्हणून, अपडेट पाठवून काढून टाकली गेली; आधी पैसे भरलेल्यांच्या संगणकांवरूनसुद्धा. माझ्या कपाटातल्या ऑडिओ कॅसेटवरचं गाणं रात्री कुणी येऊन पुसून गेलं तर आपण पोलिसांत जाऊ. व्हिएतनामच्या डाँग न्विन यानं फ्लॅपी बर्ड हा आपला गेम २०१४ च्या फेब्रुवारीत दुकानातून काढून घेतला. लोकांना त्याचं व्यसन लागतंय हे त्याला बघवेना. तो त्याचा हक्क होता आणि त्यानं तो शोभेल असा वापरला. पण ज्यांच्या फोनवर तो आधीच होता, त्यांच्याकडे तो राहिला. रेघ इथेच ओढायला हवी. विकणं थांबवा, विकलेलं परत घेऊ नका.

लोकांना जुनं नको असतं, हा आणखी एक लाडका समज. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचे जुने खेळाडू मूळचा, न बदललेला गेम मागत होते तेव्हा, २०१३ च्या एका जाहीर प्रश्नोत्तरात, कंपनीच्या एका वरिष्ठानं त्यांना सुनावलं की तुम्हाला वाटतं तुम्हाला ते हवंय, पण तुम्हाला ते नकोय. खेळाडूंनी स्वतःच जुना गेम एका खासगी सर्व्हरवर चालवला. तो २०१६ मध्ये वकिलाच्या नोटिशीनंतर बंद करावा लागला. मग दोन लाखांवर लोकांनी सह्यांचं निवेदन दिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीनं तोच जुना गेम 'क्लासिक' म्हणून बाजारात आणला आणि आत शिरायला लोकांच्या रांगा लागल्या. वन्समोअर आला की नटानं पद म्हणायचं असतं, प्रेक्षकाला तुला ते नकोय असं सांगायचं नसतं.

अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठेही विकत मिळत नाहीत. यावर ग्रंथालयांनी मागितलं काय, तर जुने गेम अभ्यासकांना घरबसल्या पाहता येऊ देत. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं नकार दिला. एक भीती अशी होती की लोक ते मजेसाठी खेळतील. कवितेचं पुस्तक ग्रंथालयातून द्यायचं नाही, वाचणाऱ्याला आवडेल म्हणून, तसलाच हा न्याय. कॅलिफोर्नियानं निदान एक प्रामाणिकपणाचा कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल दुकानाला 'विकत घ्या' असं म्हणायचं असेल तर हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. चोराला निदान नाव सांगून घरात यायला लावलं म्हणा.

आपल्याकडे काय? गंमत अशी की भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती' या व्याख्येत बसतो. म्हणजे कायद्याच्या लेखी प्रिन्स ऑफ पर्शिया आणि एखादी कादंबरी एकाच फळीवर. रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची, तो खराब होईल म्हणून, जादा प्रत काढून ठेवायलाही तो कायदा परवानगी देतो. पण अर्धा गेम कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर प्रत कशाची काढणार? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करारा'ची तरतूद आहे. वाजवी कारण नसताना एका बाजूला एकतर्फी करार संपवू देणारी अट त्यात बसते. गेम सुरू करताना 'मान्य आहे' म्हणून आपण जो लांबलचक मजकूर न वाचता खाली ढकलतो, त्यात नेमकी अशीच अट असते. मात्र अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. पंधराशे रुपयांच्या गेमसाठी कोण जाणार? मी स्वतः गेले नाही. फोनवर पैसे भरून घेतलेला एक कोड्यांचा गेम फोन बदलल्यावर दुकानातून नाहीसा झाला होता. मी दोन ईमेल केल्या, दिलगिरीचं एक उत्तर आलं आणि मी गप्प बसले. सगळे गप्प बसतात, त्यावरच हे चाललंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैशांच्या खेळांवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता मिळाली. विकत घेतलेल्या गेमचं पुढे काय, यावर अक्षर नाही.

आणि जपणुकीचं तर बोलायलाच नको. १९५४ पासून कायदा आहे की इथे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची. सिनेमासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, तेही उशिराच. आलम आरा हा १९३१ चा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत शिल्लक नाही. गेमच्या बाबतीत आपण त्याच टप्प्यावर उभे आहोत. राजी हा भारतीय पुराणकथांवरचा गेम पुण्यातल्या स्टुडिओनं बनवला, २०२० मध्ये तो जगभर गेला. तो एकट्यानं खेळायचा आहे म्हणून अजून तरी निभावतोय. त्याची एक प्रत, सोर्स कोडसकट, म्हणजे मूळ लिहिलेल्या प्रोग्रामसकट, प्रभात रस्त्याच्या आसपास कुठेतरी सरकारी कपाटात का असू नये? आणि त्या आधीचे, साध्या नोकिया फोनवरचे जावा गेम, मुंबईत बनलेले, क्रिकेटचे, सिनेमांवरचे? ते फोन कंपन्यांच्या ज्या डाउनलोड पानांवर पाच-दहा रुपयांना मिळायचे, ती पानंही गेली.

बनवणाऱ्यांच्या भरवशावर हे सोडता येत नाही, याचा दाखला पुन्हा मेक्नरच. प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ सोर्स कोड त्याच्याकडून हरवला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, जाणकारांनी त्या जपून वाचल्या, आणि कोड सर्वांसाठी खुला झाला. मधल्या वीसेक वर्षांत गेम जिवंत ठेवला तो खेळणाऱ्यांनी, बहुतेकांनी चोरून. आमच्या क्लासमधली प्रतही चोरीचीच होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या पातळीनंतर तो गेम विचारायचा की पुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं. त्या अक्षराखालची बाटली प्यायची. पुस्तिका कुणी बघितलीय! आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर नोंदी ठेवायचो: पान ९, ओळ ३, शब्द २, बहुतेक 'एच'. चुकली बाटली की खेळ खलास. चोरी ती चोरीच. पण रीतसर मार्ग ठेवलाच नाही, तर जपणूक चोरांकडेच जाते.

गेल्या महिन्यात ती पिवळी कॅसेट आणि ते यंत्र घेऊन मी बुधवार पेठेत गेले. दुकानदार माझ्याच वयाचा. त्यानं स्क्रू काढून कॅसेट उघडली. आत हिरव्या पट्टीवर डांबरासारखा एक काळा ठिपका. "ताई, सगळं ह्या ठिपक्यात आहे. हा गेला की गेलं. तो जायच्या आधी कॉपी काढून ठेवा." मी म्हटलं, ही मुळात नक्कल आहे, नकलेची नक्कल काढायची तर परवानगी कुणाची मागू? तो काही बोलला नाही. पट्टीच्या कडेच्या पितळी रेघा त्यानं खोडरबरानं घासल्या, कॅसेट दाबली, कोपऱ्यातला जाडजूड टीव्ही लावला. कॉन्ट्राचं ते संगीत वाजलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. पहिला रिमोट त्यानं माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला.

"पाच मिनिटं फक्त," तो म्हणाला. "धबधब्यापर्यंत."